एक राष्ट्र, तीन मापे

११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेच्या स्थानकातून दहा टाक्यांची एक मालगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरात पोहोचली. तिच्यातून आले होते सुमारे पाच लाख लिटर पिण्याचे पाणी. मांजरा धरण कोरडे पडले होते, नळ आटले होते, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करण्याची पाळी प्रशासनावर आली होती. अशा वेळी राजस्थानातील कोटा येथे वाफेने धुऊन स्वच्छ केलेल्या वाघिणी मिरजेत आल्या, कृष्णेच्या पाण्याने भरल्या आणि साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून तहानलेल्या शहराच्या दारात उभ्या राहिल्या. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागली. ऑगस्टपर्यंत अशा शंभराहून अधिक खेपा झाल्या. 'जलदूत' हे तिचे नाव सार्थ ठरले.

त्या उन्हाळ्यात पाण्याच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले. परंतु ही गाडी ज्या रुळांवरून धावली त्या रुळांविषयी फारसे कोणी बोलले नाही. वस्तुतः ती धावू शकली याचे कारण त्या रुळांतच होते. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर हा लोहमार्ग त्यापूर्वी जेमतेम काही वर्षे आधी रुंदमापी, म्हणजे ब्रॉडगेज झाला होता. हाच दुष्काळ एक तपापूर्वी पडला असता तर कोट्याची एकही वाघीण मिरजेहून लातूरच्या दिशेने एक पाऊलही टाकू शकली नसती. रुळांमधील अंतर ही केवळ अभियंत्यांच्या कागदावरची बाब नाही. वेळ आली की तिच्यावर लाखो माणसांचे जीवन अवलंबून असते. हा धडा लातूरने दिला आणि तो विसरण्याजोगा नाही.

लातूरचा हा मार्ग मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याने १८९७ मध्ये तो सुरू केला. दोन रुळांत अंतर अवघे अडीच फूट. १९११ मध्ये ही गाडी लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. तिची मूळ आखणी प्रत्येक आसावर पाच टन भार धरून केलेली होती. पाण्याने भरलेल्या आजच्या रुंदमापी वाघिणीच्या एका आसावर त्याच्या चौपट भार पडतो. विठुरायाच्या दर्शनाला निघालेल्या वारकऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या याच छोट्या गाडीने, डब्यात जागा न मिळाल्यास टपावर बसून, पंढरीला गेल्या. त्या गाडीविषयी या भागातील लोकांना जिव्हाळा आहे आणि तो योग्यच आहे. परंतु जिव्हाळा वेगळा आणि सोय वेगळी. बार्शीची ज्वारी किंवा लातूरची डाळ मुंबईला जायची तर कुर्डुवाडीला वाघीण रिकामी करून सारा माल हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. पोती फुटत, माल सांडे, चोरीला जाई. पलीकडे रिकामी वाघीण मिळेपर्यंत तो फलाटावर पावसात भिजत पडे. जो व्यापारी हे सारे सोसून माल पाठवी, तो त्या नुकसानीचा भार शेवटी शेतकऱ्याच्याच भावावर टाकी.

हे केवळ एका कुर्डुवाडीचे दुखणे नव्हते. मनमाडला मुंबईहून येणारी रुंदमापी गाडी थांबे आणि निजामाच्या राज्यात शिरणारी मीटरगेज गाडी तेथून सुटे. मिरज तर एके काळी तिन्ही मापांचे स्थानक होते. पुण्याहून रुंदमापी, लोंढ्याकडे मीटरगेज आणि पंढरपूरकडे नॅरोगेज. एकाच स्थानकाच्या आवारात तीन प्रकारचे रूळ, तीन प्रकारची इंजिने, तीन प्रकारचे डबे आणि एकमेकांशी कोणाचाही मेळ नाही. पारतंत्र्याने या देशाला काय दिले याचे याहून बोलके चित्र शोधूनही सापडणार नाही.

येथे एका जुन्या समजुतीचा समाचार घेणे आवश्यक आहे. 'इंग्रजांनी रेल्वे आणली आणि त्यामुळे भारत एक राष्ट्र झाला,' असे आजही अनेक सुशिक्षित म्हणतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, ही घटना ऐतिहासिक आहेच. त्या उद्योगामागे जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांच्यासारख्या दूरदर्शी भारतीयांची धडपड होती, हेही अभिमानाने सांगितले पाहिजे. रेल्वेने अंतरे कमी केली, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु जे राष्ट्र रेल्वेच्या आधीच एक होते, त्याच्या एकतेचे श्रेय रेल्वेला कसे देता येईल? काशीची गंगा रामेश्वराला घेऊन जाणारा यात्रेकरू रुळांची वाट पाहत थांबला नव्हता. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत मंदिरे, घाट आणि धर्मशाळा उभारल्या, तेव्हा इंग्लंडातही आगगाडी धावत नव्हती. गांधीजींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज्या'त नेमका हाच मुद्दा मांडला होता. तीर्थक्षेत्रांची स्थापना करणाऱ्या पूर्वजांना हा देश एक असल्याचे भान रेल्वेच्या कितीतरी आधीपासून होते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मग इंग्रजांच्या रेल्वेने काय केले? तिने देश जोडला, पण तोडत तोडत जोडला. याची कथा मोठी उद्बोधक आहे.

इंग्लंडने स्वतः मापांच्या भांडणाचे चटके सोसले होते. तेथे बहुतेक मार्गांचे माप चार फूट साडेआठ इंच, तर ब्रुनेलच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे सात फूट. ग्लॉस्टर येथे दोन्ही मापे एकत्र येत आणि मालाची उतारचढ करताना होणारा गोंधळ साऱ्या देशात गाजला. अखेर १८४५ मध्ये आयोग नेमून १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने मापाचा कायदा केला. त्या काळात ज्या व्यापार मंडळाकडे रेल्वेचा कारभार होता, त्याचा प्रमुख होता लॉर्ड डलहौसी. हाच डलहौसी पुढे भारताचा गव्हर्नर जनरल झाला. १८४८ मध्ये साताऱ्याची गादी खालसा करणाऱ्या या माणसाविषयी महाराष्ट्राला ममत्व वाटण्याचे काहीच कारण नाही. परंतु सत्य सांगायचे तर भारतभर एकच माप असावे हा आग्रह त्याने धरला. कंपनीच्या संचालकांचा कल इंग्लंडच्या मापाकडे होता, डलहौसीला सहा फूट हवे होते, आणि अखेर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर, हे माप ठरले. या विशाल देशाला साजेसे रुंद, भक्कम आणि भार वाहणारे माप. तोच निर्णय पुढे कसोशीने पाळला गेला असता तर नंतरची शंभर वर्षांची परवड टळली असती.

तो पाळला गेला नाही, याचे मूळ रेल्वेच्या अर्थकारणात होते. पहिल्या रेल्वे कंपन्यांना ब्रिटिश सरकारने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. जमीन फुकट, नफा झाला तर कंपनीचा, आणि तूट आली तर ती भारतीय रयतेच्या करातून भरून द्यायची. हमी पक्की असल्यावर काटकसर कोण करणार? खर्च बेसुमार वाढला. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी ज्या आर्थिक शोषणावर बोट ठेवले त्याचा हा एक ठळक अध्याय होता. तिजोरी रिकामी होऊ लागल्यावर राज्यकर्त्यांना स्वस्ताई सुचली. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या राजवटीत नव्या मार्गांसाठी मीटरचे माप स्वीकारण्यात आले आणि १८७३ मध्ये दिल्ली-रेवाडी हा पहिला मीटरगेज मार्ग सुरू झाला. उधळपट्टी केली कंपन्यांनी आणि काटकसर वाट्याला आली ती देशाच्या. बडोदे संस्थानात तर १८६२ मध्येच डभोई-मियागाम हा बैलांनी ओढायचा अडीच फुटी मार्ग तयार झाला होता. पुढे संस्थानिकांनी आणि लहान कंपन्यांनी आपापल्या ऐपतीनुसार मीटरगेज किंवा नॅरोगेज पसरवले.

या स्वस्ताईलाही एक अपवाद होता आणि तोच सर्वांत बोलका आहे. सिंधू खोरे रेल्वे आणि पंजाब नॉर्दर्न रेल्वे हे वायव्य सीमेकडे जाणारे मार्ग आरंभी मीटरगेजच व्हायचे होते. परंतु रशियाच्या भयाने धास्तावलेल्या लष्कराने हरकत घेतली. तोफा आणि पलटणी मध्येच उतरवून पुन्हा चढवाव्या लागतील, हे लष्कराला मान्य नव्हते. तात्काळ निर्णय फिरला आणि ते मार्ग रुंदमापी झाले. माप बदलले की काय अनर्थ होतो, हे राज्यकर्त्यांना पुरेपूर ठाऊक होते असाच याचा अर्थ. साम्राज्याच्या तोफांसाठी जी अडचण असह्य ठरली, ती मराठवाड्याच्या आणि माणदेशाच्या धान्यासाठी मात्र चालवून घेतली गेली.

त्याचे परिणाम स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ भोगावे लागले. १९४८ मध्ये मराठवाडा निजामाच्या जोखडातून मुक्त झाला; परंतु मनमाडहून औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि पुढे परभणीकडे जाणारा लोहमार्ग मीटरगेजच राहिला. ज्या प्रदेशात कच्चा माल आणायला आणि पक्का माल पाठवायला मनमाडला दुहेरी हमाली द्यावी लागते, तेथे कारखाना काढायला कोण धजावेल? म्हणूनच रुंदमापी रेल्वे ही मराठवाड्याच्या विकासाची कळीची मागणी बनली. ज्या स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मुक्तिसंग्राम झाला, त्यांचे सहकारी गोविंदभाई श्रॉफ यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात मराठवाड्याच्या विकासाचा लढा लढवला आणि त्यात रेल्वेचा प्रश्न सतत अग्रभागी ठेवला. निजामाची राजवट संपवायला तेरा महिने लागले. त्याच्या काळातील रूळ बदलायला चार दशकांहून अधिक काळ लोटला. ही तुलना कोणत्याही एका पक्षाच्या नव्हे, तर साऱ्या राज्यव्यवस्थेच्याच डोळ्यांत अंजन घालणारी आहे.

महाराष्ट्रात जी अडचण व्यापाराची आणि विकासाची होती, ती ईशान्य भारतात थेट राष्ट्राच्या सुरक्षेची होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रसद न्यायची तर कलकत्त्याहून निघालेला माल पार्वतीपूर आणि सांताहार येथे रुंदमापी गाडीतून मीटरगेजमध्ये चढवावा लागे आणि पुढे ब्रह्मपुत्रेवर पांडू-अमिनगाव येथे वाघिणी तराफ्यावरून पार न्याव्या लागत. हा सारा कारभार इतका तुंबला की १ मार्च १९४४ रोजी कटिहार ते लेडो हा सुमारे आठशे मैलांचा मार्ग अमेरिकी सैन्याच्या रेल्वे पथकांनी आपल्या हाती घेतला. तीन वर्षांत फाळणी झाली. पार्वतीपूर, सांताहार ही स्थानके परक्या देशात गेली आणि आसामचा रेल्वेसंबंध भारताशी तुटला. तेव्हा भारतीय अभियंत्यांनी आणि मजुरांनी सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून, हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यानाले ओलांडत, सुमारे दोन वर्षांत नवा मार्ग उभारला आणि जानेवारी १९५० मध्ये, प्रजासत्ताकाच्या जन्माच्याच महिन्यात, आसाम पुन्हा मायभूमीशी जोडला गेला. हा पराक्रम शालेय पुस्तकांत यायला हवा. मात्र तो मार्गही मीटरगेजच होता, कारण पलीकडचे सारे जाळे तेच होते. १९६२ चे चिनी आक्रमण झाले तेव्हा आसामात रुंदमापी गाडी जात नव्हती. गुवाहाटीला ती पोहोचली १९८४ मध्ये. लमडिंग-सिलचर मार्ग रुंदमापी होण्यास २०१५ उजाडले आणि त्रिपुराच्या आगरताळ्याहून दिल्लीच्या दिशेने थेट गाडी सुटली ती जुलै २०१६ मध्ये. लातूरला पाणी पोहोचले त्याच वर्षी.

१९५० च्या सुमारास देशात रुंदमापी मार्ग सुमारे पंचवीस हजार किलोमीटर, मीटरगेज चोवीस हजार आणि नॅरोगेज चार हजार किलोमीटर होते. चार दशकांनी, १९९१ मध्ये, रुंदमापी मार्ग पस्तीस हजारांवर गेले होते. पण मीटरगेज तेवीस हजारांच्या वरच आणि नॅरोगेज होते तितकेच होते. नव्या मार्गांची भर पडली. जुने दुखणे मात्र जवळजवळ तसेच राहिले. इतकेच नव्हे, तर उत्तर आणि दक्षिणेतील मीटरगेज जाळी एकमेकांना जोडण्यासाठी स्वतंत्र भारताने १९६० च्या सुमारास खांडवा-हिंगोली हा सातपुडा ओलांडणारा मार्ग मीटरगेजचाच बांधला. एक चूक निभावून नेण्यासाठी तिच्यातच भर घालावी लागते ती अशी.

रूपांतराला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे निराधार होते असे मात्र नाही. मीटरगेज पुरेसे आहे, ते रुंद करण्यावर खर्च होणाऱ्या पैशात नवे मार्ग होतील, गर्दीच्या मार्गांचे दुहेरीकरण होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. हिशेबाच्या वहीत तो बिनतोड वाटे. परंतु त्या वहीत कुर्डुवाडीच्या फलाटावर भिजलेल्या पोत्याची किंमत कोठेच मांडलेली नव्हती, न निघालेल्या कारखान्याची नव्हती आणि सीमेवर उशिरा पोहोचणाऱ्या दारूगोळ्याची तर नव्हतीच. १९९२ मध्ये रेल्वेमंत्री जाफर शरीफ यांच्या कारकिर्दीत 'एकमाप' धोरण, म्हणजेच प्रोजेक्ट युनिगेज, हाती घेण्यात आले. सरकारे बदलली, मंत्री बदलले, पण धोरण टिकले. आज भारतीय रेल्वेच्या जाळ्याचा पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग रुंदमापी आहे. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, एखादे राष्ट्रीय काम तीस वर्षे अखंड चालू राहते, याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला दिले पाहिजे.

अर्थात, सारे आलबेल आहे असे समजणेही आत्मवंचना ठरेल. विदर्भाची 'शकुंतला' हे त्याचे उदाहरण. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे वळवण्यासाठी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे घातलेला हा अडीच फुटी मार्ग राष्ट्रीयीकरणाच्या वेळी सरकारकडे आलाच नाही. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके मालकी खासगी कंपनीची आणि गाडी चालवणार भारतीय रेल्वे, असा विचित्र प्रकार चालू राहिला. रूपांतराच्या घोषणा झाल्या, परंतु रूळ रुंद होण्याआधी गाडीच थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रुंदमापी मार्गाचा वर्धा-कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्या खेड्यांना एसटीच्या तिकिटाहून स्वस्त असा तेवढाच एक आधार होता, त्या खेड्यांच्या वाट्याला आलेली प्रतीक्षा विसरता येत नाही. जुने बंद करण्याची घाई आणि नवे सुरू करण्यास दिरंगाई, ही रीत गरिबाच्या मुळावर येते.

दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. एकात्मता म्हणजे सरसकट एकसाचीपणा नव्हे, ही या देशाची शिकवण आहे. नेरळहून माथेरानला १९०७ पासून चढणारी दोन फुटी गाडी, दार्जिलिंग, निलगिरी आणि सिमल्याच्या डोंगरगाड्या यांना त्यांचे स्वतःचे माप हवेच. डोंगराचे वळण रुंद रूळ मानत नाही. अकोला-खांडवा मार्ग रुंद करताना तो मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून न नेता बाहेरून वळवण्याचा विचार झाला, तोही याच विवेकातून. जेथे माणसे आणि माल एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जायचे आहेत तेथे माप एकच हवे. जेथे निसर्ग आडवा येतो तेथे त्याचा मान राखलाच पाहिजे.

आणि नेमका हाच विवेक आजच्या एका प्रश्नाला लावण्याची गरज आहे. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वे १४३५ मिलिमीटरच्या मापाची आहे. मुंबई, पुणे आणि नागपूर येथील मेट्रोही त्याच मापाच्या आहेत. दिल्ली मेट्रोचे पहिले मार्ग रुंदमापी आणि नंतरचे या मापाचे, म्हणजे एकाच शहरात दोन मापे नांदत आहेत. याउलट दिल्ली-मेरठ 'नमो भारत' मार्ग आणि देशभर धावणारी 'वंदे भारत' या रुंदमापी रुळांवरच वेग घेत आहेत. शहरापुरती मेट्रो स्वतंत्र असते, तिच्यातून माल जायचा नसतो, तयार तंत्रज्ञान त्या मापात सहज मिळते, ही कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु १८७० मध्ये मेयोच्या सल्लागारांनाही आपली कारणे अशीच समजण्यासारखी वाटली होती. त्यांच्या वहीत त्या वर्षीचा खर्च होता. पुढच्या शंभर वर्षांची हमाली नव्हती. अतिवेगवान मार्गांचे जाळे उद्या देशभर पसरणार असेल, तर ते सध्याच्या जाळ्याशी कोठे आणि कसे जुळेल, याचा विचार आजच आणि उघडपणे झाला पाहिजे. हा प्रश्न विचारणे म्हणजे प्रगतीला विरोध करणे नव्हे. इतिहास वाचला आहे, याची ती खूण आहे.

परक्या राजवटीने या देशात रूळ टाकताना आधी आपली तिजोरी पाहिली आणि मग आपल्या तोफा. प्रजेचे धान्य, यात्रा आणि तहान यांचा क्रम त्यानंतर लागला, किंवा लागलाच नाही. स्वतंत्र राष्ट्राने माप ठरवताना हा क्रम उलटा लावायचा असतो. ज्या मिरजेत एके काळी तीन मापांचे रूळ एकमेकांकडे पाठ फिरवून उभे होते, त्याच मिरजेतून कृष्णेचे पाणी कोठेही न उतरता, न सांडता लातूरच्या घागरीपर्यंत गेले. पुढच्या शतकाचे रूळ आज ज्यांच्या हातून टाकले जात आहेत, त्यांनी आराखड्यावर सही करण्यापूर्वी ती घागर एकदा नजरेसमोर आणावी.